काकीच्या अंगावरचे चट्टे

काकीला कोणी काही ठामपणे सांगितलं की ती हातातलं काम थांबवायची आणि विचारायची, "कशावरून?" मी लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आले तेव्हा मला तिची भीतीच वाटायची. मी चौथी शिकलेली, पण चार माणसांत तोंड उघडत नसे. काकीला अक्षर येत नव्हतं, पण ती पाटलालाही तसंच विचारायची.

काकी म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, थोरली भावजय. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून चूल आणि शेत दोन्ही तिच्यावर. तिच्या कंबरेवर, मांड्यांवर लालसर चट्टे होते. वर्षानुवर्षं खाजायचे. कारण मात्र वाडीत प्रत्येकाला ठाऊक! शेजारची सोनाई म्हणायची, "दर साल भातरोपांच्या वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब भाजतेस, त्याचा धूर बाधला गो तुला."

"राब तर अख्खी वाडी भाजते. आन् धूर काय लुगड्याखाली शिरतो? तोंड तर माझं साफ हाय."

कोणी सुकी मासळी सोडायला सांगितली. तिने वर्षभर सोडली, चट्टे होते तिथेच. महाडजवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांवर महिनाभर आंघोळी केल्या, खाज उलट वाढली. "मागल्या जन्माचं पाप असंल," सोनाई म्हणाली. काकी म्हणाली, "त्या जन्मी तू शेजारीच होतीस वाटतं?"

मग पाठीवर गाठी उठल्या. एक फुटली. दंडावरही चट्टा आला आणि वाडीत एकच शब्द फिरला, महारोग. मामंजी मनाने चांगले, पण घरात माझी दोन लहान मुलं. ते घाबरले. शेताच्या टोकाला त्यांनी खोपटं उभं केलं आणि एका सकाळी चार माणसांदेखत अंगणात, खाली बघत म्हणाले, "वैनी, पोराबाळांचं घर हाय. तुमचं जेवान तिथं पोचवू."

काकी कुंपणाकडे गेली, करवंदीचा काटा तोडून आणला आणि सगळ्यांसमोर दंडावरच्या चट्ट्यात खुपसला. रक्त आलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"महारोगात टोचलेलं कळत नाय ना? मला कळतंय. भावजी, म्हाडच्या डाक्टरकडं न्या मला. तो महारोग म्हनला तर आपल्या पायांनी खोपटात जाईन. तवर चूल सोडनार नाय."

बैलगाडीने आम्ही तिघं महाडला गेलो. डॉक्टरांनी खूप विचारलं. काम काय करता, रंगाशी, चुन्याशी संबंध येतो का, घरात आणखी कोणाला आहे का. मग कातडीचा लहानसा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. दीड महिन्याने पुन्हा बोलावलं. गाडीत काकीने माझा हात जो धरला तो महाड येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर म्हणाले, "महारोग नव्हे. कातडीतच वाढणारा गाठींचा आजार आहे, फार थोड्यांना होतो. शिवल्याने दुसऱ्याला होत नाही. पण बाई, खरं सांगतो, याला औषध नाही."

"कशानं झाला?"

"उतारवयात होतो, पुरुषांना जास्त होतो, एवढंच दिसलंय."

"मी तर बाईमानूस. मला कसा झाला मग?"

डॉक्टर हसले. "म्हणूनच सांगतो, कारण अजून कळलेलं नाही."

बाहेर आल्यावर ती मरणाबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "बघा भावजी. एवढा शिकलेला मानूस कळलं नाय म्हनतो, आन् आपल्या वाडीत सगळ्यांना कळलेलं!" मामंजी गाडी जुंपता जुंपता हसू लागले, आणि हसता हसता रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोपटं मोडलं. वासे गोठ्याला लावले.

त्यानंतर काकी दोन वर्षं जगली. शेवटी फार हाल झाले, पण चूल तिने अगदी उठवेनासं होईपर्यंत सोडली नाही. माझ्या मुलांनी तिच्याच हातची भाकरी खाल्ली. शिमग्याच्या आधी ती गेली, माजघरात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

तिला शेवटची आंघोळ मला एकटीलाच घालावी लागणार असं मी धरून चालले होते. पाणी तापवून वळले तर सोनाई पदर खोचून दारात उभी, तिच्या मागे वाडीतल्या चार बायका. मी कोणालाच बोलावलं नव्हतं. सोनाईने माझ्या हातातला तांब्या घेतला, काकीच्या अंगावर पाणी घातलं आणि गाठींनी भरलेली तिची पाठ उघड्या हातांनी हळूहळू धुतली.