बाईच्या नावाचं कार्ड

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी खोपोलीच्या घरी गच्चीत पापड उलटत होते. "काकी, आई गेली," एवढंच तो बोलला. मागून कांडपाच्या मुसळांचा धपधप आवाज येत होता. यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. भर मे महिना, मसाल्याचे दिवस, दारात बायकांची रांग, आणि कुंदावहिनी नेहमीसारख्या कुणाच्या तरी मिरच्यांचे देठ तपासत बसलेल्या... मान कलली ती कललीच. रांगेतल्या बायकांनीच त्यांना उचलून आत नेलं, पाणी लावलं, हाका मारल्या. डॉक्टर आले तोवर सगळं आटोपलं होतं. आम्ही दोघं कर्जतला पोहोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दहिवलीच्या, भिसेगावच्या, पार कडावपर्यंतच्या बायका आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींना आम्ही घरच्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "मला त्यांचं कारड यायचं." बस, एवढंच. जणू नातं सांगत होती.

वहिनी गेल्याला आता महिना उलटून गेला. त्या कार्डांची गोष्ट नीट सांगावी असं तेव्हापासून मनात आहे.

कुंदावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर कडावचं, भातशेती आणि दोन म्हशींचं घर. शाळा सातवीपर्यंत. भाऊजींची कर्जतच्या बाजारात पिठाची गिरणी आणि मसाला कांडप होतं. भाऊजी काविळीने अचानक गेले, तेव्हा प्रशांत कॉलेजात होता. गिरणी विकून टाका, असं सगळ्यांनी सुचवलं. वहिनींनी चहा देता देता विचारलं, "आनि इकून काय करू? बसून ऱ्हाऊ?" तेराव्यानंतर त्यांनी नाकाला ओढणी बांधली आणि यंत्रापाशी उभ्या राहिल्या. सुरुवातीला शिंकून शिंकून डोळे सुजायचे. वर्षभरात मात्र नुसत्या वासावरून मिरची पुरती वाळली की नाही ते सांगायला लागल्या.

धंदा बरा चालला होता, आणि रस्ता रुंद झाला. दुकानाचा पुढचा भाग त्यात गेला. यंत्रं उचलून नदीकडच्या एका अरुंद गल्लीत न्यावी लागली. बाजारात आलेल्या माणसाला जुन्या जागी मोकळा रस्ता दिसे आणि तो समजे, कांडप बंद पडलं. त्याच सुमाराला हमरस्त्यावर एक नवं कांडप उघडलं, काचेच्या दाराचं. पहिल्या उन्हाळ्यात वहिनींकडे निम्म्याहून कमी गिऱ्हाईक आलं. पाटी लावली तर तिच्यावर कुणाकुणाच्या वाढदिवसाचे बॅनर चढत. प्रशांतने मोबाईलवर जाहिरात फिरवली, ती शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली गेली. मग पत्रकं छापून पेपरांतून टाकली. दुसऱ्या दिवशी वहिनी स्टेशनबाहेर भजी घ्यायला थांबल्या, तर भजी त्याच पत्रकात बांधून मिळाली. घरी येऊन त्यांनी ते तेलकट पत्रक माझ्यापुढे धरलं. "बघ सुमन, माझं नाव लोकांच्या पोटापोतर गेलं." हसल्या, पण चेहरा उतरला होता. प्रशांतची नोकरी तेव्हा पक्की नव्हती. पुढचा उन्हाळाही असाच गेला असता तर यंत्रं भंगारात घालावी लागली असती.

कार्डाची कल्पना त्यांना कडावला सुचली. माहेरी त्यांची एक आत्या होती, ऐंशी पार केलेली. तिच्या आरशाच्या चौकटीत एक जुनं पोस्टकार्ड खोचलेलं होतं, भाच्याच्या लग्नाची तारीख कळवणारं. लग्न होऊन त्या भाच्याची मुलंही मोठी झाली होती. "आत्या, हे अजून ठेवलंस व्हय?" तर आत्या म्हणाली, "अगं, माझ्या नावाचं हाय ना ते. फेकू कसं?" परत येताना वहिनींनी थेट पोस्टात जाऊन कार्डांचा गठ्ठा घेतला. छापून घ्यावीत असा प्रशांतचा आग्रह होता. पण छापील कार्डाला तिकीट जास्त लागतं असं कळलं, आणि वहिनींना तशीही ती हातानेच लिहायची होती. मी खोपोलीच्या एका कारखान्याच्या कार्यालयात टायपिस्ट होते, अक्षर बरं होतं, म्हणून रविवारी मला बोलावणं आलं.

मी पहिलं कार्ड लिहिलं : "आमचेकडे सर्व प्रकारचे मसाले माफक दरात कांडून मिळतील. तरी एकवार अवश्य भेट द्यावी." वहिनींनी ते वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"सुमन, तू माझ्या दारात आलीस तर मी तुला असं बोलंन का गं?"

"मग काय लिहू?"

"लिव... मिरची उन्हात घातली का? दुकान हललंय, बंद नाय झालं. नदीकडच्या गल्लीत या. बसायला सावली हाय, प्यायला पानी हाय."

तसंच लिहिलं. 'हाय'सुद्धा तसंच ठेवलं.

खरी अडचण पत्त्यांची होती. दुपारच्या वेळी आम्ही दोघी जावा दहिवलीच्या गल्ल्यांमधून पाट्या वाचत हिंडलो. एका इमारतीच्या वॉचमनने तर आम्हाला हटकलंच. मी वहीत नावं उतरवत होते, श्री. अमुक, श्री. तमुक. वहिनी मध्येच थांबल्या. "ह्यांना काय करायचंय? मिरची बापय बघतो का? बाईचं नाव कुठंय?" काही इमारतींत दोघांची नावं होती, जुन्या घरांवर फक्त पुरुषांची. मग वहिनी सरळ दार वाजवायला लागल्या. आतून बाई यायची, संशयाने बघायची. वहिनी म्हणायच्या, "काय इकायला नाय आले. तुमचं नाव सांगा, तुमाला पत्र टाकायचंय." बहुतेक जणी नवऱ्याचं नाव सांगत. वहिनी मान हलवत. "त्यांचं नको ओ. तुमचं." त्यावर काही बायका चक्क लाजत. एकीने तर आतल्या सासूकडे बघून हळूच नाव सांगितलं, "वनिता", आणि पुन्हा आमच्यामागे जिन्यापर्यंत येऊन म्हणाली, "वनिता लिहा हं, विनिता नको."

कार्डं गेली. आठवडा गेला, दुसरा गेला. कुणीच फिरकलं नाही. मग एके दिवशी सकाळी एक वयस्कर गृहस्थ हातात कार्ड घेऊन गल्लीत शिरले. मी त्या दिवशी तिथेच होते. त्यांनी कार्ड वहिनींपुढे धरलं आणि विचारलं, "हे कुणी पाठवलं?" कार्डावर लिहिलं होतं, सौ. मालती. पाटीवरून उतरवलेलं नाव. ते म्हणाले, "मालती गेली. गेल्या दिवाळीच्या आधी. पाटी मी काढली नाही."

मला जमीन दुभंगावी असं झालं. वहिनी उठून उभ्या राहिल्या, हात जोडले. "दादा, माजी चूक झाली. इचारायला पायजे होतं." ते गृहस्थ खाली टेकले आणि म्हणाले, "रागावलो नाही मी. तिच्या नावाने कुणी काही पाठवतच नव्हतं आता. बँकेतूनसुद्धा नाव काढलं. पोस्टमनने हाक मारली... मालतीबाई, पत्र. मी 'आलो' म्हणालो." वहिनींनी पाणी दिलं. पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "एका माणसाला वर्षाची मिरची किती लागते हो?"

वहिनींनी त्यांच्याबरोबर बाजारात जाऊन मिरची निवडली, गरम मसाला भाजून दिला. मालतीबाई मसाल्यात काय घालत ते त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं, एवढंच आठवत होतं की खाल्ल्यावर आधी गोडसर लागायचा आणि तिखट मागून यायचं. पहिल्या खेपेला जमलं नाही, तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पुढच्या वर्षी वहिनींनी बेडगी वाढवून पाहिली. "जवळ आलाय," ते म्हणाले. कर्जतमध्ये होते तोवर दर वर्षी ते आले. त्या पहिल्या दिवशी ते घरी परतल्यावर मात्र संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "कारड म्हंजी घरात पाऊल टाकनं हाय गं. चपला काढून मगच टाकायला पायजे." त्यानंतर शेजारीपाजारी विचारल्याशिवाय एकही नाव लिहिलं गेलं नाही.

बायका हळूहळू यायला लागल्या. कुणी पर्समधून कार्ड काढून दाखवी, कुणी सांगे की माझ्या नावाचं पहिलंच पत्र हो, सासरी आल्यापासून. वनिता आली, तीही सासूला घेऊन! वहिनी दर उन्हाळ्याआधी एकेक वस्ती धरून लिहीत, दर वर्षी मजकूर वेगळा. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट, पण पुढे पुढे त्या मला हात लावू देईनात. मी सगळं गोडच सांगते असं नाही. वहिनी फटकळ होत्या, हट्टी होत्या, आणि कार्डावरही तशाच. एका बाईंना त्यांनी लिहिलं, "मागल्या साली मिरची ओली आणलीत, मसाल्याला बुरशी धरली असंल. यंदा नीट वाळवा." उघडं कार्ड, पोस्टमनने वाचलं, बिल्डिंगने वाचलं. त्या बाई तावातावाने भांडायला आल्या. वहिनींनी विचारलं, "धरली का नाय बुरशी?" पुढच्या वर्षी त्या बाईंनी आणलेली मिरची मुठीत दाबली की कडकड मोडायची, आणि बाई सगळ्या रांगेला ती दाखवत होत्या.

मला सर्वांत जास्त आठवतं ते पुराचं वर्ष. नदी गल्लीत शिरली. यंत्रं वाचली, पण उशिरा आलेल्या काही घरांची मिरची आणि धणे पोत्यांत होते, ते सगळे चिखलात गेले. प्रशांत म्हणाला, पुराला कोण काय करणार, लोक समजून घेतील. वहिनी दिवसभर चिखल उपसत होत्या. दुसऱ्या दिवशी हात धुऊन त्या कार्डं लिहायला बसल्या. "तुमची मिरची माझ्या दुकानात भिजली. माळ्यावर ठेवायला पाहिजे होती, ठेवली नाही. नवी आणून कांडून घरी पोचवीन."

"आई, निदान फोन कर," प्रशांत म्हणाला. "कार्ड उघडं असतं. अख्खं गाव वाचेल."

"वाचू दे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चांगलं लिवलं तवा वाचलं, आता बी वाचू दे."

त्या दिवाळीला त्यांच्या घरात नवं काहीच आलं नाही. पण मसाले पोचते झाले, एकूणएक. पुढच्या उन्हाळ्यात रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. हमरस्त्यावरचं कांडप अजून आहे, चालतंही. वहिनींनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. त्यांना रांगेत कोण कोण आहे एवढंच बघायचं असे, आणि प्रत्येकीला त्या नावाने हाक मारत. अमक्याची आई, तमक्याची सून असं नाही. नावाने.

दिवसकार्य उरकल्यावर दुकान पुन्हा उघडलं, कारण लोकांच्या मिरच्या तशाच पडून होत्या. प्रशांतच्या बायकोने, रेश्माने, ओढणी बांधली. हंगामातलं शेवटचं गिऱ्हाईक गेलं त्या दिवशी मी तिथेच होते. प्रशांत यंत्र बंद करायला गेला तशी रेश्मा म्हणाली, "थांबा, घरचा राहिलाय." वहिनींचा नेमच होता तो. स्वतःच्या घरची मिरची त्या सगळ्यांच्या नंतर, हंगामाच्या अगदी शेवटी कांडत, आणि त्याआधी उखळ पुसू देत नसत. कुणाचा लसूण, कुणाची दगडफुलं, कुणाची लवंगी... उखळाच्या कडेला जे काही उरलेलं असेल ते आपल्यात येऊ दे म्हणत. रेश्मा आतून डबा घेऊन आली. वहिनींनी एप्रिलमध्येच वाळवून, देठ काढून मिरची भरून ठेवली होती. मुसळं चालू झाली. आम्ही सगळे शिंकत होतो, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यामुळे कुणालाच संकोच वाटत नव्हता.

माझ्या वाट्याची बरणी मी खोपोलीला आणली. बरेच दिवस ती उघडवेना. काल पावसाची झड लागली होती, तेव्हा वालाच्या बिरड्यात त्यातला चमचाभर घातला. हे जेवायला बसले. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा हे शाळेत होते, त्यांच्याच हातचं जेवून मोठे झाले. पहिला घास घेतला, थांबले. मग मान खाली घालूनच म्हणाले, "अजून थोडं वाढ."