खांबावर माणूस आहे

नामपूरजवळच्या वीज उपकेंद्रात उज्वला अहिरे कंत्राटी ऑपरेटर. बाई कामाला चोख, तोंडाने फटकळ. कांद्याच्या लागणीत लाइट गेली की शेतकरी फोनवर आईबहिणीवरून शिव्या घालायचे. त्यावर तिने हुकमी उत्तर शोधलं होतं: "खांबवर मानूस शे, कशी चालू करू?" निम्म्या वेळा खांबावर कावळासुद्धा नसायचा, पण शिव्या थांबायच्या.

त्या दुपारी मात्र लाइनमन नाथा खरंच खांबावर होता. तोही कंत्राटीच. चुकून वीज आली तर जीव वाचावा म्हणून तारा जमिनीला जोडायची साखळी मागून मागून त्याची जीभ झिजली, ठेकेदार ढिम्म. "तू शे ना ताई बटनपाशी," म्हणत, फोन तिच्या टेबलावर चार्जिंगला लावून तो गेला.

तासाभरात दाराची कडी तुटली. धोंडीराम आणि पाच-सहा शेतकरी, हातात काठ्या. रोपं करपत होती, डोकी तापली होती.

"नाथा वर शे! आईशपथ!"

"रोज हाईच सांगस तू!" धोंडीरामने तिच्या कानाखाली जाळ काढला. मग टेबलावरचा नाथाचा फोन उचलून हसला. "फोन आठे, आन मानूस खांबवर?"

त्याने बटण दाबलं. ब्रेकर धाडकन लागला आणि लगेच उडाला. वीज नाथाच्या अंगातून गेली म्हणून लाइन उडाली, हे उज्वलाला कळलं. ती धोंडीरामवर तुटून पडली, त्याच्या दंडाला रक्त निघेस्तोवर चावली. कुणीतरी काठी घातली, तिचं मनगट मोडलं. धोंडीरामने पुन्हा बटण दाबलं. या वेळी लाइन टिकली.

तिला दोघांनी धरून ठेवलं होतं. तरी हिसका देऊन ती पॅनेलवर जाऊन आदळली आणि कपाळानेच बंदचं बटण दाबलं. तेवढ्यात धोंडीरामचा फोन वाजला. शेतातून त्याची बायको किंचाळत होती, "बंद करा! नाथाभाऊले आग लागी गयी!" काठ्या पटापट खाली पडल्या.

नाथाचं उरलेलं शरीर दोरीने उतरवावं लागलं. कंपनीने हात वर केले, ठेकेदाराने फोन बंद केला. दोघांनाही चौकात उभं करून फोडायला हवं होतं.

पोलिसांनी विचारलं, बटण कुणी दाबलं? उज्वलाने प्लास्टरचा हात धोंडीरामकडे केला. तो ढसाढसा रडत होता.

"याने दाबलं, साहेब," ती म्हणाली. "पण माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे याला मीच शिकवलं."