नऊ नंबरचा बोया

आमचे साडू घरातून एका दमात बाहेर पडलेले मी कधी पाहिले नाहीत. एकदा पडतात, मग कुलूप ओढून बघायला परत येतात. पुन्हा पडतात, मग नळ ठिबकतोय का ते ऐकायला बंद दाराला कान लावून उभे राहतात. तोवर माझी मोठी मेव्हणी, जिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, गाडीत बसून हाताची बोटं मोडत असते. मी एकदा त्यांना थट्टेनं 'खात्रीराव' म्हटलं. ते नाव इतकं चिकटलं की आता त्यांच्या बँकेच्या चेकवर वेगळंच नाव दिसलं की मलाच चुकल्यासारखं होतं.

या माणसाला देवानं नोकरी दिली तीही अशी, की चूक झाली तर दुरुस्तीला चार हजार मैल जावं लागावं. एका संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची कार्यशाळा आहे. तिथे खात्रीराव बावीस वर्षं बोये बांधतात. बोया म्हणजे पाण्याच्या पिंपाएवढा एक पिवळा डबा. पोटात बॅटरी, डोक्यावर हवेचा दाब मोजणारं यंत्र आणि उपग्रहाशी बोलणारी काठी, आणि खाली चांगली पाच मीटरची शेपटी. शेपटीत वितीवितीवर एकेक तापमापक. जहाजावरची माणसं ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रावर उतरतात, बर्फाला भोक पाडतात, शेपटी खाली पाण्यापर्यंत सोडतात आणि डबा वर ठेवून निघून येतात. मग तो डबा वर्षभर एकटा तिथे बसून हवा किती गार, बर्फ किती जाड, पाणी किती गरम, हे तासातासाला कळवत राहतो. खात्रीरावांनी स्वतः बर्फ पाहिलाय तो सरबतात.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते मला ओट्यापाशी घेऊन गेले आणि उकळत्या भाताच्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी जरासं सरकवलं. समुद्र म्हणजे पातेलं, बर्फ म्हणजे झाकण. झाकण असतं तोवर ऊब खाली राहते. वादळानं झाकणाला भेग पाडली की तीच ऊब भसकन हवेत जाते, आणि मग त्या हवेचं काय होतं ते आपल्यापर्यंत कधी ना कधी पोचतंच. पुढचं ऐकायला मिळालं नाही, कारण ताईनं झाकण पुन्हा ठेवलं आणि दोघांनाही बाहेर काढलं.

गेल्या वर्षी त्यांनी अकरा बोये बांधले. पाठवण्याआधी प्रत्येक बोया एक दिवस अंगणात उघड्या आकाशाखाली ठेवून बोलका करून बघायचा, अशी रीत. बोया चालू-बंद करायला बटण नसतं, कारण बटणातून पाणी शिरतं. त्याऐवजी डब्याच्या बाहेर एका ठिकाणी लोहचुंबक चिकटवलेला असतो. तो असतो तोवर बोया झोपलेला. काढला की जागा. बर्फावर ठेवणाऱ्यानं शेवटी फक्त तो लोहचुंबक काढायचा असतो. तेव्हा तपासणी झाली की लोहचुंबक परत लावायचा, वर चिकटपट्टी मारायची आणि डबा कंटेनरमध्ये चढवायचा.

तपासणीच्या शेवटच्या दिवशी ताईचा फोन आला. ती गॅलरीत अडकली होती, दार आतून ओढलं गेलं होतं. खात्रीराव होते तसे धावले. घरी येऊन दार उघडलं, शर्ट धुवायला टाकला. ताईनं नेहमीप्रमाणे खिसे झाडले, तर त्यात एक छान जड लोहचुंबक निघाला. तिनं तो फ्रिजच्या दारावर लावला आणि त्याखाली पाण्याचं बिल अडकवलं.

तीन आठवडे तो तिथे होता. जगाच्या कुलपांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या फ्रिजवरची वस्तू दिसली नाही. दिसली ती एका रविवारी सकाळी, पाण्याची बाटली काढताना. ताई सांगते, बाटली हातात तशीच राहिली आणि हे दार उघडं टाकून इतका वेळ उभे, की फ्रिज किणकिणायला लागला.

दुपारी ते माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. लोहचुंबक घरी, म्हणजे अकरापैकी एक बोया तीन आठवडे जागा. लोखंडी कंटेनरच्या पोटात त्याला आकाश दिसत नाही. पण उपग्रह सापडला नाही म्हणून ते यंत्र गप्प बसत नाही, उलट हाकांवर हाका मारत सुटतं, आणि हाका मारण्यातच बॅटरी खलास होते. मग तो बोया हिवाळ्यात मरणार. आणि बोया हवा असतो तो हिवाळ्यातच. तेव्हा तिथे महिनोन् महिने अंधार असतो, कुणी जात नाही, आणि झाकणाखाली काय चाललंय हे सांगणारं दुसरं कुणीही नसतं.

मी म्हणालो, गप्प राहा. यंत्रं बंद पडतातच. असले सल्ले मी फुकट देतो.

त्यांना एकच आशा होती. लोहचुंबक बारा आणले होते, बोये अकरा. बारावा जास्तीचा, कपाटाच्या खणात ठेवलेला. सोमवारी तो खणात नसेल, तर फ्रिजवरचा तोच, आणि सगळं ठीक. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस एखादी वस्तू हरवलेली असावी म्हणून देवाला साकडं घालत होता. सोमवारी खण उघडला. बारावा लोहचुंबक कागदात गुंडाळून, वर त्यांच्याच अक्षरात 'जास्तीचा' असं लिहून, शहाण्या मुलासारखा बसला होता.

सोमवारचा दिवस त्यांनी ऑफिसात कुणाला न सांगताच काढला. मंगळवारी ताई म्हणाली, "फ्रिजवर मी लावलाय ना? मग चला, मी येते सांगायला. तुमच्या मॅडम काय मला नोकरीवरून काढतील?" तिला खरोखरच पायात चपला घालताना पाहून ते घाईघाईनं एकटेच निघाले.

मॅडम म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. वयानं खात्रीरावांपेक्षा पंधरा वर्षं लहान, त्यामुळे त्यांना काका म्हणतात. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे काकांचे आणखीच हाल झाले. मॅडमनी तिथल्या तिथे जहाजाला निरोप धाडला: कोणत्या बोयाला लोहचुंबक नाही ते बघा आणि तो बाजूला काढा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नऊ नंबर. ठेवणाऱ्या मुलीला वाटलं होतं, लोहचुंबक आधीच कुणीतरी काढला असेल. नववा शनिवारीच बर्फावर बसवला होता, सगळ्यात लांबच्या तुकड्यावर, जिथे आसपास दुसरा एकही बोया नाही. जहाज पुढे गेलं होतं आणि मागे बर्फ मिटला होता.

म्हणजे रविवारी सांगितलं असतं तरी उशीरच झाला होता. माझ्या सल्ल्यानं बिघडलं नाही, हे ऐकून मला हायसं वाटलं. त्यांना वाटलं नाही.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. तासाला एक निरोप धरला तर बॅटरी जानेवारीच्या मध्यावर संपणार. सहा तासांनी एक धरला तर वर्ष निघेल. उपग्रहावरून तेवढा हुकूम बोयाला देता येतो. पण मॅडम म्हणाल्या, वादळात भेग पडते, ऊब वर येते आणि भेग पुन्हा गोठते, हे सगळं कधीकधी पाच तासांत उरकतं. सहा तासांनी डोळा उघडणाऱ्याला काय दिसणार? मग पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बॅटरी तुम्हाला माहीत आहे, काका. तुम्हीच ठरवा."

बावीस वर्षांत त्यांना ठरवायला कुणी सांगितलं नव्हतं, तपासायला सांगितलं होतं. पाच मिनिटं घाम पुसून ते म्हणाले, "एरवी सहा तासांनी. हवेचा दाब उतरायला लागला की ताशी. वादळ गेलं की पुन्हा सहा."

"आणि चोवीस तास त्या दाबावर लक्ष कोण ठेवणार?"

"मीच की. मला तसंही दुसरं काय येतं."

तो हिवाळा आम्ही सगळ्यांनी काढला. खात्रीराव आमच्याकडे जेवायला आले तरी ताटाशेजारी फोन उभा. घास घेता घेता म्हणत, दाब उतरतोय. माझ्या आईला वाटे हे रक्ताच्या दाबाबद्दल बोलतायत; ती त्यांच्या पानातलं मीठ काढून घ्यायची. ते वजनानं उतरले. ताई म्हणे, बाळंतपणात यांनी माझी एवढी चौकशी केली नव्हती. पण सकाळी सातला त्यांच्याआधी उठून फोन तीच बघायची. निरोप आलेला असला तर चहा ठेवायची, आणि चार-सहा मिनिटं उशीर झाला तर चहा न ठेवता दारात उभी राहायची.

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. दाब दोन दिवस उतरत राहिला. खात्रीरावांनी ताशी निरोप सुरू केले आणि बोयाच्या बॅटरीचा आकडा खाली येताना बघत बसले. तिसऱ्या दिवशी भेग पडली असावी, कारण उणे एकतीसवर असलेली हवा चार तासांत उणे चौदावर आली. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, त्यांनी विभागातल्या सगळ्यांना गोळा केलं. ऊब वर येताना तासातासाला पकडली होती. सगळे हवेचा आलेख बघत होते. खात्रीराव कोपऱ्यातल्या लहान आकड्याकडे बघत होते. बंद करू का, असं त्यांनी तीनदा विचारलं. मॅडमनी तीनदा नको म्हटलं. वादळ पाच दिवस चाललं. "ते लोक टाळ्या वाजवत होते," त्यांनी मला नंतर सांगितलं, "आणि मी बघतोय, नवव्याचं रक्त चाललंय."

नववा तगला. मार्च गेला, एप्रिल गेला, तिकडे सूर्य वर आला. मॅडमच्या अंदाजाप्रमाणे तो बर्फाचा तुकडा ऑगस्टअखेरपर्यंत टिकायला हवा होता. खात्रीरावांच्या हिशेबानं बॅटरी ऑगस्टच्या मध्यापर्यंत. दोन आठवड्यांची चुटपुट, तेवढीच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी निरोप आला, तो विचित्र. शेपटीवरचे सगळे तापमापक एकच आकडा सांगत होते. वरचा उणे दीड, खालचा उणे दीड, मधले सगळे उणे दीड. हवेत वर एक, बर्फात मधे एक, पाण्यात खाली एक, असं असायला हवं. खात्रीरावांनी लगेच स्वतःलाच धरलं: वायर एकमेकींना चिकटल्या, सांध्यात पाणी शिरलं, माझाच सांधा. ते जुन्या वह्या काढून नऊ नंबरची शेपटी कोणत्या दिवशी जोडली ते शोधायला लागले.

मॅडम आल्या, त्यांनी पडद्यावरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाल्या, "सांधा ठीक आहे, काका. तो पाण्यात पडलाय. सगळाच्या सगळा. खाली बर्फ नाही आता."

नवव्यानं अजून दोन निरोप पाठवले. दोन्हींत तेच उणे दीड, आणि कोपऱ्यात बॅटरीचा आकडा. मग डबा कलंडला असावा. तिसरा निरोप आला नाही.

बॅटरी अजून अडीच महिने पुरली असती. पहिल्या क्षणी हलकं वाटलं, असं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली. एका तुकड्यावरून काही ठरत नसतं, असं मॅडम म्हणाल्या. पण त्या खुर्चीत बसून राहिल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी आठव्या आणि दहाव्या बोयाखालचा बर्फ किती उरलाय ते काढून मागवलं.

मी परवा कार्यशाळेत गेलो तेव्हा टेबलावर नवा बोया आडवा होता. खात्रीराव त्याच्या कमरेला हलक्या फोमचा जाड पट्टा बसवत होते. बर्फ गेला तरी डबा बुडू नये, तरंगत बोलत राहावा, म्हणून. मॅडमनी परवानगी दिली होती. अकराच्या अकरांना.

मी म्हटलं, चला भाऊ, नववा गेला त्यात चूक तुमची नव्हती हे तर ठरलं. आता तरी निवांत झोपा.

"चूक माझी असती तर बरं झालं असतं रे," ते म्हणाले. "माझी चूक मला दुरुस्त करता येते." मग त्यांनी मोजपट्टी बोयाला वळसा घालून माझ्या हातात दिली. "हे टोक घट्ट धर. एक बोटही सैल नको."

मी धरलं. त्यांनी आकडा वाचला, लिहिला, आणि पुन्हा वाचायला वाकले.