यंत्राला न कळणारं मराठी

टेलिफोनच्या बोर्डावर होते तोवर ऑफिसात मला किंमत होती. साहेब कुणाला टाळतात, कुणाचा फोन ताबडतोब जोडायचा, कुणाला नुसतं धरून ठेवायचं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बोर्ड गेला आणि त्याच्या जागी एक यंत्र आलं. ते लोकांना एक दाबा, दोन दाबा असं सांगू लागलं. आंधळ्या बाईला घरी पाठवता येत नाही, म्हणून मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. शहरभरच्या आमच्या शाखांकडून कॉम्प्युटरवर पत्रं यायची. ती वाचून ज्या त्या विभागाकडे धाडायची, एवढंच काम.

मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू? पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासात शिकले होते. ऑफिस सुटल्यावर तिकडे जायचे आणि मग धक्के खात कात्रजला घरी. इयरफोन लावायचा, बाणाचं बटण दाबायचं, की एकेक ओळ कानात येते. आजवर माझं प्रत्येक पत्र दुसऱ्यानेच वाचलं होतं. बदलीची ऑर्डरसुद्धा शिपायाने वाचून दाखवली, तीही मधेमधे चहाचे घोट घेत. आता कुणाची मनधरणी नको, असं वाटलं.

पहिलं पत्र उघडलं. कानात आलं, "सेमिकोलन, कॅपिटल के, स्लॅश, डब्ल्यू, डब्ल्यू." बंद करून पुन्हा उघडलं. तेच. माझंच काहीतरी चुकत असणार, असं मला वाटलं. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क वाकून बघत म्हणाले, "अहो बाई, स्वच्छ मराठीत आहे की. समोर दिसतंय."

समोर दिसत होतं, हेच तर दुखणं होतं. क्लासातल्या सरांनी फोनवर उलगडून सांगितलं. आमच्या ऑफिसात सगळे जुन्या टायपात मराठी लिहीत. त्यात पडद्यावर अक्षरं मराठी दिसतात, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच भरलेली असतात. डोळसाचं काही अडत नाही. माझं सॉफ्टवेअर मात्र पोटातलं वाचतं. नवी पद्धत, ते युनिकोड, त्याच कॉम्प्युटरांवर फुकट होतं. फक्त बोटांना नवी सवय लावायची होती. पण बोटांची सवय मोडणं म्हणजे काय असतं, ते ज्याने सरकारी खात्यात दिवस काढलेत त्यालाच कळेल.

मी फोन करून विनवल्यावर खडकीच्या शाखेतल्या टायपिस्टबाईंना माझी दया आली. त्यांनी एक पत्र नव्या पद्धतीने लिहून पाठवलं. शाखेचं छत गळतंय, भिंतीला ओल आलीय, असलं रुक्ष पत्र. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून न येता पहिल्यांदाच एक कागद माझ्यापर्यंत पोचला होता. माझं मीच ठरवून ते दुरुस्ती विभागाकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पत्र परत आलं. हेडक्लार्कनी साहेबांचा शेरा वाचून दाखवला : अक्षर नेहमीचे नाही, नेहमीच्या टायपात पाठवावे. टायपिस्टबाईंचा फोन आला. "मॅडम, मला बोलणी बसली. परत नका सांगू हं." मी त्यांना कशाला दोष देऊ?

साहेबांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"मॅडम, कामाबद्दल तुम्हाला कुणी काही बोललंय का?"

"नाही साहेब. पण मला पत्रं वाचता येत नाहीत."

"पगार वेळेवर होतोय ना? मग आरामात बसायचं. ती पत्रं हेडक्लार्क बघतील."

शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं. इतक्या गोड बोलण्यापुढे मी काय करणार होते?

तेव्हापासून मी बसते. पत्रं हेडक्लार्क वाचतात, तेच पाठवतात. मी इयरफोन लावून तो कचरा ऐकत राहते, कारण रिकामं बसलेलं कुणी पाहू नये. साहेब बदलून गेले, नवे आले, टाइप तोच राहिला. आपण मेलो तरी या टेबलाचं काही अडणार नाही, हे रोज सकाळी बसमध्ये चढताना मनात येतं आणि तरी मी चढते.

गेल्या हिवाळ्यात दिव्यांगांचा सत्कार करा असं वरून फर्मान आलं. आमच्या ऑफिसात दिव्यांग म्हणजे मीच. हॉलमध्ये शाल, नारळ, टाळ्या झाल्या. नवे साहेब म्हणाले की डोळे नसताना ही बाई आवक-जावकचं टेबल एकहाती सांभाळते, डोळसांनी धडा घ्यावा. हेडक्लार्क तिथेच कुठेतरी बसले असणार. मग माइक माझ्या हातात दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी म्हटलं, "त्या टेबलावर मी काहीही काम करत नाही."

मग साहेब हसले, "बघा, विनय म्हणतात तो हा." आणि शालीपेक्षाही जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या.