मिठीत लागणार नाही असं पिस्तूल

डेल्मर टॅकेट यांना आमच्या गावात सगळे डेल्मरभाऊ म्हणतात, कारण चर्चमध्ये आम्ही सगळेच एकमेकांचे भाऊबहीण. भांडतानासुद्धा. मी रोनेटा. माझ्या सासऱ्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला बंदुकांचं काउंटर आहे, ते मी सांभाळते. केंटकीच्या या डोंगरात कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून दोनच गोष्टी नीट चालतात, एक चर्च आणि दुसरं माझं काउंटर.

डेल्मरभाऊंनी जन्मभर पावाची गाडी चालवली. पहाटे निघायचं, दऱ्याखोऱ्यांतल्या दुकानांत पाव टाकायचे आणि दुपारी घरी येऊन ओपलवहिनींच्या हातची घेवड्याची आमटी आणि मक्याची भाकरी खायची. त्यांचा एकुलता एक मुलगा कर्बी खाणीत छत कोसळून गेला. त्या हिवाळ्यात ते घराबाहेर पडलेच नाहीत. वसंतात वहिनींनी ओढून चर्चला आणलं, तेव्हा दारात एका म्हातारीनं एक शब्द न बोलता त्यांना पोटाशी धरलं. दुसऱ्या रविवारी त्या दारात ते स्वतः उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्या मिठीतून गेल्याशिवाय कुणी आत गेलेलं नाही. आमच्याकडचे पुरुष एकमेकांना हात लावतात ते फक्त शवपेटी उचलताना. पण डेल्मरभाऊंपुढं भलेभले मऊ पडायचे. माझा नवराही, आणि तो तर सख्ख्या भावाला लांबूनच मान डोलावतो.

मग दूरच्या कुठल्याशा राज्यात एका चर्चमध्ये गोळीबार झाला. आमच्या पास्टर लोवेलनी लगेच सुरक्षा समिती नेमली. पहिलं गीत संपलं की दाराला कुलूप. आणि दारात जो उभा राहील त्याच्या अंगावर हत्यार हवं. जमत नसेल तर दार वेस्लीकडं द्या, असं त्यांनी डेल्मरभाऊंना गोड आवाजात सांगितलं. वेस्ली म्हणजे पास्टरांचा भाचा. तो माणसाकडं बघण्याऐवजी फोनकडं बघतो.

दार गेलं तर या माणसाकडं उरतं काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून ते काउंटरवर आले तेव्हा मी थट्टा केली नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

आमची रीत अशी की पिस्तूल हातात देण्याआधी मी ते उघडून रिकामं आहे ते दाखवायचं, आणि घेणाऱ्यानं पुन्हा स्वतः बघायचं. तसं केलं. डेल्मरभाऊ लहानपणापासून हरणाची शिकार करणारे, बंदूक त्यांना नवी नव्हती. पण लपवून अंगावर बाळगायचं पिस्तूल त्यांनी कधी घेतलं नव्हतं. बाकीचे विचारतात गोळ्या किती बसतात, झटका किती बसतो, शर्टावरून उठून दिसेल का. यांनी वेगळंच विचारलं.

"मिठीत लागेल का गं?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मग मीच काउंटरच्या बाहेर आले, रिकामं पिस्तूल त्यांच्या कमरेच्या आत बसवायला लावलं, वर कोट घालायला सांगितलं आणि रंगाच्या डब्यांच्या मधोमध त्यांना मिठी मारली. गिऱ्हाइकं बघतच राहिली. मी म्हटलं, बघा खुशाल, खरेदी अशीच करतात. पहिलं मध्यम आकाराचं होतं, ते माझ्या मनगटाला तिथल्या तिथं लागलं. पुढं पोटाशी ठेवून पाहिलं, तर दोघांच्या पोटात रुतलं. घोट्याला बांधलं तर लागेना, पण ते वाकून काढेपर्यंत हल्लेखोर दोन गीतं म्हणून घरी गेला असता.

शेवटी मी सगळ्यात खालच्या कप्प्यातलं काढलं. तळहाताएवढं, चपटं, मूठ इतकी आखूड की करंगळी खाली लोंबते. लोकांना वाटतं लहान पिस्तूल म्हणजे चालवायला सोपं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हलकं असतं म्हणूनच ते हाताला जास्त हिसका देतं. दुकानामागच्या आमच्या नेमबाजीच्या पट्ट्यावर त्यांनी ते चालवून पाहिलं आणि लाल झालेला तळवा चोळत परत आले. उजव्या कुल्ल्याच्या जरा मागं बसवलं. मिठी मारली. कुठं आहे ते मला माहीत होतं म्हणून लागलं, नाहीतर लागलं नसतं. ते खूश होऊन गेले.

थोड्याच दिवसांत परत आले. चेहरा उतरलेला. मी विचारलं, कुणाला कळलं का? ते जवळ झुकले.

"रोनेटा, सगळ्यांकडं आहे."

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या स्वेटरखाली. काठी टेकत येणाऱ्या हर्शलआजोबांच्या पाठीशी. लहान मुलांना बायबल शिकवणाऱ्या बहिणीच्या काखेत. मी म्हटलं, त्यातली निम्मी मीच विकलीत, मला काय सांगता.

"आधी कधी लागली नाहीत गं. आधीही असतीलच की. पण इतकी वर्षं माझ्या हाताला माणसंच लागत होती."

त्यांना याहून लहान पिस्तूल हवं होतं. लहान घेतलं की हे सगळं जाईल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. याहून लहान म्हणजे खेळणं, मी सांगितलं. ते तसेच गेले.

त्यानंतर चर्चमध्ये मला बरं वाटेनासं झालं, ते खोटं कशाला बोलू. पहिलं गीत संपलं की कुलपाचा आवाज यायचा आणि पाठोपाठ सगळा सभामंडप गप्प. समितीच्या माणसानं प्रार्थनेत डोळे मिटायचे नाहीत, असा नियम होता. डेल्मरभाऊ म्हणाले, डोळे मिटलेल्या इतक्या माणसांकडं बघत उभं राहणं म्हणजे घरातले सगळे झोपलेत आणि आपण त्यांच्या उशाशी उभे आहोत, असं वाटतं. आणि एका रविवारी त्या मिटलेल्या डोळ्यांत त्यांना आणखी दोन उघडे डोळे दिसले.

शेवटच्या बाकावर एक माणूस बसला होता. लांब कोट, मांडीवर टोपी. डेल्मरभाऊंनी शपथेवर सांगितलं की हा त्यांच्या दारातून आलेला नाही, आणि आमच्या चर्चला दुसरं दार नाही. पुढच्या रविवारी मीही पाहिला. वय चाळिशीचं, गाल आत गेलेले. पाऊस कित्येक दिवसांत पडला नव्हता, तरी त्याच्या कोटाची कड ओली होती आणि बाकाखाली पाण्याचं थारोळं होतं. शेवटच्या प्रार्थनेत तो उठून जायचा. दार आतून ढकललं की उघडतं, त्यामुळं त्याचं जाणं कळायचं. येणं कधी कुणाला कळलं नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. समितीतल्या कुणाला त्याचा हात सतत खिशात दिसला, कुणाला कोट एका बाजूनं जड दिसला. कुणी त्याच्याशी बोलायला मात्र गेलं नाही. मीही नाही. अखेर पास्टर लोवेलनी डेल्मरभाऊंना बाजूला घेतलं. तुम्ही नाहीतरी सगळ्यांना मिठी मारता, त्यालाही मारा, आणि कोटात काय आहे ते बघा. नाही म्हटलं असतं तर वेस्ली तयारच होता.

त्या रविवारी शेवटची प्रार्थना सुरू झाली तसे डेल्मरभाऊ दाराला पाठ लावून उभे राहिले. तो माणूस उठला. त्याच्या बुटांचा पचपच आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी मान वळवली, तर समितीतल्या सगळ्यांच्या माना वळलेल्या आणि सगळ्यांचे उजवे हात दिसेनासे झालेले. पास्टरांचा आवाज तसाच चालू होता.

डेल्मरभाऊंनी हात पसरले. तो थांबला. मग एक पाऊल पुढं आला आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं, सगळा भार टाकून. डेल्मरभाऊंचे हात त्याच्या पाठीवरून खाली गेले, कमरेभोवती फिरले, बगलेत गेले, खिशांवरून सरकले. मग त्या माणसाचा हात सावकाश वर आला, डेल्मरभाऊंच्या उजव्या कुल्ल्यामागं गेला आणि तिथं थांबला. दोघंही हलेनात. त्यानं त्यांच्या कानाशी काहीतरी म्हटलं, टोपी घातली आणि दार ढकलून निघून गेला.

डेल्मरभाऊंनी आमच्याकडं बघून मान हलवली. काही नाही. पास्टर आमेन म्हणाले, लोक सैलावले, कुणीतरी हसलंसुद्धा. बाहेर गाडीतळावर कुणी नव्हतं. आमच्या रस्त्यावर चर्चपासून वळणापर्यंत सरळ दिसतं, तिथंही नव्हतं.

सोमवारी ते काउंटरवर आले. पिस्तूल उघडलं, रिकामं आहे ते मला दाखवलं. मी रीतीप्रमाणं बघितलं. परत घे म्हणाले. मी विचारलं, तो काय बोलला?

"म्हणाला, 'मला सांगितलं होतं, या दारात माणसाला नुसतं जवळ घेतात.'"

गिऱ्हाईक आलं, त्याला मी नंतर ये म्हणून परत पाठवलं.

"त्याच्या अंगावर काही नव्हतं गं. नुसत्या बरगड्या, आणि गार. कर्बीला बाहेर काढला तेव्हा लागला होता तसा गार. आणि मी खिसे चाचपत होतो. मी त्याला मिठी नाही मारली, रोनेटा. मी त्याची झडती घेतली. आणि त्याला ते कळलं."

मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत. ते खरं होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

आता दारात वेस्ली असतो. तो मान डोलावतो आणि आपण आत जातो. त्या माणसाला पुन्हा कुणी पाहिलं नाही. आजूबाजूच्या दऱ्यांत मी चौकशी केली, असा कुणी कुणाला ठाऊक नाही. ओपलवहिनींना वाटलं होतं, दार गेलं की डेल्मरभाऊ पुन्हा त्या हिवाळ्यासारखे घरात बसतील. पण ते येतात. कुलूप लागतं त्याच्या बाहेर, गाडीतळाच्या कडेला उभे राहतात, सगळी उपासना होईपर्यंत, रस्त्याकडं तोंड करून. पास्टरांनी आत बोलावून पाहिलं. कुणीतरी उशिरा येईल, त्याला दार बंद दिसायला नको, एवढंच ते म्हणाले.

बरेच जण आता त्यांना टाळून गाडीतळाच्या दुसऱ्या कडेनं दाराकडं जातात. गेल्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडं गेले. त्यांनी मला जवळ घेतलं, घट्ट, पहिल्यासारखं. माझं पिस्तूल माझ्या कमरेला होतं, नेहमीसारखं. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर आले आणि तिथंच थांबले. खाली गेलेच नाहीत.