एकादशीच्या सुरमईची साक्ष

समई चिंचेनं अर्धी घासून झाली होती, तेवढ्यात दीक्षा आली. पुरातत्त्व शिकते. आमच्या ह्यांची मापं लॅपटॉपात उतरवून घ्यायची होती तिला.

हे म्हणजे बाबुराव, माझे यजमान. भूमापक म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. कोथरूडात स्वतःची वीतभर नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. कोकणात माझ्या माहेरी किनाऱ्यावर एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणाच्या आठवणीचा दगड. शहाण्णव सालापासून हे दरवर्षी जाऊन दगडापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात. इतरांच्या सासुरवाडीला जावई आला की ताट मांडतात. आमच्याकडे टेपचं दुसरं टोक धरायला माणूस शोधतात.

एकेचाळीस फुटांचे नऊ उरले. समुद्र चढतोय. दगड वर हलवायच्या परवानगीसाठी दीक्षाला पुरावा हवा होता.

ह्यांची वही चाळता चाळता ती थांबली. "काका, तारखा आहेत. पण भरती होती की ओहोटी? वेळच नाही. हे कुणी ग्राह्य धरणार नाही."

एकोणीस वर्षं माझ्या पंचांगाला हसलेला माणूस पंख्याकडे बघत बसला. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मी माझ्या रोजच्या वह्या काढल्या. त्यात तिथी असते, आणि माप झालं की येणारा ह्यांचा फोनही, वेळेसकट. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आम्हा किनाऱ्यावरच्या मुलींना लहानपणीच ठाऊक होतं.

दीक्षा मोठ्यानं वाचू लागली, "दोन हजार नऊ. कार्तिक वद्य एकादशी. सव्वाआठला माप झालं म्हणून फोन. उपास आहे म्हणाले. रात्री परतले. रुमालाला सुरमईचा वास."

"हेही लिहून ठेवलंस?"

"देवापुढे बसून लिहिते. खोटं कसं लिहू?"

"दीक्षा, एवढं पान वगळलं तर?"

"तेच हवंय काका. त्या वर्षीच्या वादळानंतरचं एकुलतं माप आहे, आणि अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे तेही ऐन भरतीतलं!"

ह्यांचा चेहरा उजळला, कान मात्र लाल. एकोणीसही मापांच्या वेळा सापडल्या.

आता माझ्या वह्या पिशवीत भरून हे कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला निघालेत.