सुधाकाकांनी आणलेली रायफल

आठवतं का रे सगळ्यांना? शाळेतून आलो की आपण अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसायचो आणि बाबा शेजारी नवी रायफल पुसत असायचे.

साठच्या दशकात सुधाकाकांनी ती कलकत्त्याहून आणली होती. पहिली गोळी नीट जायची, पुढच्या भलतीकडेच. काकांनी चांगली रायफल वाटेत विकून खोटी आणली, असं बाबांनी ठरवूनच टाकलं. त्यानंतर काका आपल्या घरची पायरी चढले नाहीत. मलाही तेच खरं वाटायचं.

आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. रायफलचा परवाना काकांच्या मुलाच्या, विनयच्या नावावर झाला. त्याने दाखवलेला कारागीर म्हणाला, "रायफल अस्सल आहे बाई. लाकूडच नळीले दाबून राहिलं." मला वाटलं, विनयनेच त्याला पढवलंय. म्हणून नळी आणि लाकडाच्या मधे कागदाची पट्टी मी स्वतः सरकवली. लाकूड नळीला टेकत नसतं तर ती सरळ सरकली असती; ती अडकली.

त्याने लाकूड आतून खरवडलं, नळीमागच्या भागाची बैठक इपॉक्सीचा कडक होणारा लगदा भरून पक्की केली. तरी आज सकाळी नेमबाजीच्या रेंजवर मी विनयवर नजर ठेवून त्याच्या मागेच उभी राहिले. पाच गोळ्या झाल्या. पाचही भोकं एका बांगडीत मावतील इतकी जवळ.

"ताई, आता तरी पटलं काय वं?" विनयने विचारलं. मी जाऊन टारगेटचा पुठ्ठा काढून आणला.

तुमच्याही घरी असा कुणी आहे का, ज्याला कधी नीट विचारलंच नाही?

रायफल विनयचीच. बाबांची काडतुसांची चामडी पेटीही त्यालाच द्या. टारगेटचा पुठ्ठा मात्र नंदनवनला राहणाऱ्या काकूंना, विनयच्या आईला. तो मी स्वतः नेऊन देणार आहे.